मंडई, रेल्वे आणि पाटीवाला

मोहम्मद अली रोडवरून बोरीबंदरकडे चालत निघाले की शेवटी क्रॉफर्ड मार्केटचा मनोरा दिसतो. मंडईचे आजचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. लोकांच्या तोंडी मात्र अजून क्रॉफर्डच. आपल्या वाचकांना हा परिसर परका नाही. जवळच कोकणी जमातीचा कारभार असलेली जुम्मा मशीद आहे, साबू सिद्दीक मुसाफिरखाना आहे. जहाजाने हजला जाण्याच्या काळात गावोगावचे हाजी तिथे मुक्काम करीत. स्टेशनासमोर अंजुमन-ए-इस्लामची 1893 ची इमारत उभी आहे. लग्नाचा बस्ता मंगलदास मार्केटात बांधायचा आणि सुका मेवा, फळे क्रॉफर्डमधून न्यायची, हा तर कित्येक घरांचा शिरस्ता.

या मंडईचा पुनर्विकास गेली वीस वर्षे चर्चेत आहे. आम्ही शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून आम्हाला त्यात एक जुनी गोष्ट दिसते. ही मंडई मुळात पुनर्विकासातूनच जन्मली.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला पोहोचेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा खेळू लागला. 1862 च्या सुमारास किल्ल्याचे तट पाडायला घेतले, बरीच जागा मोकळी झाली. 1865 मध्ये आर्थर क्रॉफर्ड महापालिका आयुक्त झाले आणि 1869 मध्ये विल्यम इमर्सन यांच्या आराखड्याची ही मंडई उघडली. कुर्ल्याचा दगड, दर्शनी भागावर लॉकवुड किपलिंग यांनी कोरलेले शेतकरी. किपलिंग समोरच्याच जे. जे. कलाशाळेत शिकवीत.

आज आपण ज्या भव्य स्टेशनाला सीएसएमटी म्हणतो, ती इमारत पूर्ण झाली 1888 मध्ये. म्हणजे मंडई स्टेशनच्या इमारतीहून सुमारे वीस वर्षांनी थोरली! पण रेल्वे मात्र मंडईच्या आधीची. रुळांनी गिऱ्हाईक आणले, गिऱ्हाइकाने बाजार आणला, बाजाराने आणखी वाहने आणली. 1874 मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा कुलाबा ते पायधुणी हा मार्ग क्रॉफर्ड मार्केटवरूनच काढला होता. 1882 मध्ये मंडईत विजेचे दिवे लागले, त्या काळी ही नवलाईच होती.

या सगळ्याचा खर्च कोणी सोसला? क्रॉफर्ड साहेबांचा हात सढळ होता. महापालिका कर्जात बुडाली, करदाते खवळले आणि 1871 मध्ये साहेबांना खुर्ची सोडावी लागली. त्याच संतापातून 1872 चा कायदा आला आणि 64 पैकी निम्मे सभासद करदात्यांनी निवडून देण्याची पद्धत सुरू झाली. (हेच साहेब पुढे 1888 मध्ये लाचेच्या प्रकरणात गाजले, ही गोष्ट वेगळी.) मंडईच्या दगडांनी शहराला मत मागायला शिकवले, असे आम्हाला वाटते. मात्र ते मत कर भरणाऱ्याचे होते. मंडईत ओझे वाहणाऱ्याला ते नव्हते.

1996 मध्ये फळांचा घाऊक व्यापार नवी मुंबईत गेला. क्रॉफर्डचे महत्त्व घटले, पण किरकोळ गर्दी हटली नाही. 2007 च्या सुमारास खासगी विकासकाकरवी इथे उंच इमारती बांधण्याचा प्रस्ताव आला. वारसाप्रेमी नागरिकांनी जोरदार विरोध केला आणि तो बारगळला. नंतर जुनी इमारत जपून बाकीचे काम टप्प्याटप्प्याने करण्याचे महापालिकेने स्वतःच अंगावर घेतले. ऑक्टोबर 2025 मध्ये भुयारी मेट्रोही सीएसएमटीपर्यंत आली. 1853 नंतर जे घडले तेच पुन्हा घडते आहे. वाहन जवळ आले की जमिनीला नवा भाव येतो.

जुना दगड वाचला, याचा आम्हाला आनंद आहे. पण पुनर्विकासाच्या भाषेत माणूस म्हणजे गाळेधारक. त्याच्याकडे पावती असते, परवाना असतो, गाळ्याचा क्रमांक असतो. घाऊक बाजारांतल्या हमालांसाठी 1969 मध्ये, मंडईला बरोबर शंभर वर्षे झाली त्या साली, माथाडी कायदा आला. परंतु गिऱ्हाइकाची खरेदी पाटीत घालून टॅक्सीपर्यंत पोहोचविणाऱ्या पाटीवाल्याचे काय? त्याच्या हाती कसला कागद?

आम्ही आठवीच्या मुलांना मंडई दाखवायला नेले होते. नव्या आराखड्यात गाळेवाल्यांना गाळे मिळतात, हे समजावून सांगत होतो. एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, अब्बा का तो गाला नहीं है, पाटी है. उनको किधर देंगे?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही धडा बाजूला ठेवला आणि मुलांना सांगितले की मंडईत तुमच्या घरचे, मोहल्ल्यातले कोण कोण काम करते, किती सालापासून करते, ते वहीत लिहून आणा. बर्फवाले, टोपल्या विणणारे, हातगाडीवाले, चहावाले, पाटीवाले अशी नावे येत गेली. कुणाचे आजोबाही त्याच दारात उभे राहत होते. वह्या आम्ही जपून ठेवल्या आहेत. त्यात त्या मुलाच्या वडिलांचे नाव पहिल्याच पानावर आहे.