१४ मार्च १९८८ : गुडघाभर पाण्यातला रक्तपात

दक्षिण चीन समुद्रातल्या स्प्रॅटली बेटसमूहात जॉन्सन साउथ नावाचा प्रवाळखडक आहे. भरती आली की त्याचे जेमतेम काही दगड पाण्याबाहेर राहत. तरीही चीन, व्हिएतनाम, फिलिपिन्स आणि तैवान असे चौघे त्यावर हक्क सांगतात.

१४ मार्च १९८८ रोजी व्हिएतनामी नौसैनिक बांधकामाचे सामान घेऊन तिथे उतरले. झेंडा रोवून त्याभोवती पाण्यातच कडे करून उभे राहिले. चिनी सैनिकांशी झटापट झाली. पहिली गोळी कुणाची, यावर आजही वाद आहे. पुढचे मात्र स्पष्ट आहे: चिनी युद्धनौकांनी मारा केला आणि ६४ व्हिएतनामी जवान प्राणास मुकले. लपायला तिथे आडोसाच नव्हता. त्याला लढाई म्हणणे जिवावर येते. पकडलेले नऊ जण १९९१ मध्ये घरी परतले. व्हिएतनामची दोन जहाजे बुडाली. तिसरे कप्तानाने शेजारच्या कोलिन्स खडकावर चढवले. तो खडक आजही व्हिएतनामच्या ताब्यात आहे.

जॉन्सन साउथ चीनकडेच राहिला. २०१४ मध्ये वाळू उपसून, जिवंत प्रवाळ गाडून तिथे कृत्रिम बेट उभारण्यात आले. हक्क कुणाचाही असो, प्रवाळाचे ते नुकसान भरून येणारे नाही.