कर्ट फ्लड व बेसबॉलचें कीर्तिमंदिर

अमेरिकेंत बेसबॉलचा हंगाम शरदाच्या अखेरीस संपतो. मैदानें ओस पडतात. खेळ थांबतो, पण खेळाची चर्चा थांबत नाहीं. पूर्वीं गांवच्या दुकानांत तापलेल्या शेगडीभोंवतीं बसून लोक ह्या गप्पा छाटीत, म्हणून हिवाळ्यांतील ह्या दिवसांना तिकडे शेगडीचेंच नांव पडलें आहे. ह्या तीन-चार महिन्यांत दोन गोष्टी घडतात. ज्यांचे करार संपले ते खेळाडू नवे करार करतात. आणि निवृत्त झालेल्यांपैकीं कोणास कीर्तिमंदिरांत स्थान द्यावें ह्याचें मतदान होतें. पहिल्या व्यवहारांत माणसाची किंमत ठरते, दुसऱ्यांत त्याची योग्यता. किंमत व योग्यता ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत हें कोणीहि सांगेल. परंतु त्या परस्परांपासून किती दूर जाऊं शकतात हें पाहावयाचें असेल, तर कर्ट फ्लड नांवाच्या खेळाडूची हकीकत वाचावी. आपल्याकडे बेसबॉल फारसा कोणी खेळत नाहीं. पण ह्या हकीकतीचें मर्म कळण्यास त्या खेळाचे नियम ठाऊक असण्याची गरज नाहीं.

आजच्या करारांचे आंकडे ऐकून मति गुंग होते. २०२३ च्या डिसेंबरांत शोहेइ ओहतानी ह्या जपानी खेळाडूनें लॉस एंजल्सच्या संघाशीं १० वर्षांचा ७० कोटी डॉलरांचा करार केला. पुढच्याच वर्षीं हुआन सोटो ह्यानें न्यूयॉर्कच्या मेट्स संघाशीं १५ वर्षांसाठीं ७६ कोटी ५० लक्ष डॉलर ठरविले. हे आंकडे पाहून वाचकांस वाटेल कीं, बेसबॉलचा खेळाडू म्हणजे आपल्या मर्जीचा राजाच. तो तसा झाला हें खरें. पण फार उशीरा झाला.

इ. स. १८७९ मध्यें संघांच्या मालकांनीं आपसांत एक गुप्त ठराव केला. प्रत्येक संघानें आपले पांच खेळाडू राखून ठेवावे आणि इतरांनीं त्यांना हात लावूं नये, असा तो ठराव होता. कालांतरानें तो सर्वच खेळाडूंच्या करारांत कलम म्हणून शिरला. खेळाडूनें नव्या वर्षाच्या करारावर सही केली नाहीं, तर मालकास जुना करार एक वर्ष वाढवितां येई. आणि वाढविलेल्या करारांतहि तें कलम असतेंच, म्हणून पुढच्या वर्षीं पुनः वाढ, असा मालकांचा अर्थ होता. म्हणजे पहिली सही हीच जन्माची सही. खेळाडूस दुसरा संघ शोधण्याची मुभा नव्हती; मालकास मात्र त्याला विकण्याची मुभा होती. १९१९ च्या अखेरीस बॉस्टनच्या मालकानें बेब रूथ ह्यास न्यूयॉर्कला १ लक्ष डॉलरांस विकलें, तें ह्याच व्यवस्थेंत. १९२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, बेसबॉलचे सामने हा कांहीं प्रांताप्रांतांमधील व्यापार नव्हे. सबब मक्तेदारीविरुद्धचा कायदा त्यास लागू नाहीं. त्या निर्णयानें ह्या कलमास तटबंदी मिळाली.

कर्ट फ्लड ह्याचा जन्म १९३८ चा. तो कृष्णवर्णी होता. तरुणपणीं दक्षिणेकडील दुय्यम संघांतून खेळतांना वर्णभेदाचे चटके त्यानें सोसले होते. १९५८ पासून बारा हंगाम तो सेंट लुइसच्या कार्डिनल्स संघांत खेळला. मैदानाच्या मध्यभागीं खोल उभें राहून उंच चेंडू झेलणें हें त्याचें काम. आणि तें तो इतकें सुरेख करी कीं, १९६३ पासून सतत सात वर्षें उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचें पारितोषिक त्याला मिळालें. त्याच्या काळांत संघानें १९६४ व १९६७ सालीं जगज्जेतेपद मिळविलें. त्याचा पगार ९० हजार डॉलरांवर गेला होता. १९६९ च्या ऑक्टोबरांत एके दिवशीं सकाळीं फोन आला, कीं तुमची फिलाडेल्फियाच्या संघाशीं अदलाबदल झाली आहे. त्याचें मत कोणी विचारलें नव्हतें. विचारण्याची रीतच नव्हती.

फ्लडनें जाण्याचें नाकारलें. १९६९ च्या २४ डिसेंबर रोजीं त्यानें बेसबॉलचे मुख्य आयुक्त बोवी कून ह्यांस पत्र लिहिलें. बारा वर्षांच्या सेवेनंतर आपण खरेदी-विक्रीची चीज आहोंत असें आपणांस वाटत नाहीं, इतर संघांचे प्रस्ताव ऐकण्याचा आपणांस हक्क आहे, असा त्याचा आशय होता. कून ह्यांनीं नकार दिला. फ्लड न्यायालयांत गेला. एवढा पगार घेणाऱ्यानें गुलामगिरीची भाषा बोलावी काय, अशी टीका झाली, तेव्हां त्यानें उत्तर दिलें कीं, गुलामास पगार चांगला मिळाला म्हणून त्याचें गुलामपण जात नाहीं.

खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख मार्व्हिन मिलर हा पूर्वीं पोलादी कारखान्यांतील कामगारांच्या संघटनेंत अर्थशास्त्रज्ञ होता. त्यानें फ्लडला आधींच बजावलें होतें कीं, हा खटला जिंकण्याची आशा जवळजवळ नाहीं, आणि जिंकलास तरी त्याचा लाभ तुला मिळणार नाहीं. पुढच्या खेळाडूंस मिळेल काय, एवढेंच फ्लडनें विचारलें. मिळेल, असें ऐकल्यावर तेवढें आपणांस पुरें आहे, असें तो म्हणाला. १९७० सालीं न्यूयॉर्क येथें सुनावणी झाली. कृष्णवर्णीयांस ह्या खेळाचें दार उघडून देणारा जॅकी रॉबिन्सन साक्षीस आला. पण त्या काळीं खेळत असलेला एकहि खेळाडू त्या कचेरींत फिरकला नाहीं. ज्यांच्यासाठीं खटला चालला होता, त्यांस आपापल्या मालकांची भीति होती.

१९७२ च्या जूनमध्यें सर्वोच्च न्यायालयानें ५ विरुद्ध ३ मतांनीं निकाल दिला. फ्लड हरला. बेसबॉलला दिलेली सूट विसंगत आहे हें न्यायालयानें कबूल केलें. पण ती दूर करणें हें कायदेमंडळाचें काम, असें म्हणून तें मोकळें झालें. न्यायमूर्ति ब्लॅकमन ह्यांनीं लिहिलेल्या ह्या निकालपत्राचा पहिला भाग विलक्षण आहे. त्यांत खेळाचा इतिहास सांगून गतकाळच्या ८० हून अधिक नामवंतांची नांवें ओळीनें दिलेलीं आहेत. बहुमतांतील दोन न्यायमूर्तींना हें रुचलें नाहीं व त्यांनीं तेवढ्या भागास संमति दिली नाहीं. दाद मागण्यास आलेल्या खेळाडूस रिकाम्या हातीं परत पाठवावयाचें, आणि त्याच कागदावर जुन्या खेळाडूंची नामावळी गौरवानें गावयाची! कीर्तीचा गौरव आणि माणसाचा हक्क ह्यांची अशी फारकत क्वचितच पाहावयास मिळते.

इतिहास शिकवितांना विद्यार्थी विचारतात, "खटला जिंकला कीं हरला?" ह्या प्रश्नाचें उत्तर कधीं कधीं एका शब्दांत देतां येत नाहीं. खटल्यानें त्या कलमाची चर्चा घरोघर नेली. १९७३ सालीं मालकांना असें मान्य करावें लागलें कीं, दहा वर्षें खेळलेल्या व शेवटचीं पांच एकाच संघांत काढलेल्या खेळाडूस त्याच्या संमतीवांचून हलवितां येणार नाहीं. हा नियम चार वर्षें आधीं असता, तर फ्लडला न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती. १९७५ च्या डिसेंबरांत पीटर साइट्झ ह्या लवादानें दोन खेळाडूंच्या तक्रारीवर निर्णय दिला कीं, करारांतील 'एक वर्ष' म्हणजे एकच वर्ष. मालकांनीं साइट्झला तात्काळ कामावरून दूर केलें; पण सुटलेली गांठ पुनः बसली नाहीं. आजचा हिवाळी बाजार तेथून सुरू झाला. फ्लडला त्यांतील कपर्दिकहि मिळाली नाहीं. १९७१ सालीं वॉशिंग्टनकडून अवघे १३ सामने खेळून त्यानें खेळ सोडला व तो स्पेनच्या माजोर्का बेटावर जाऊन राहिला. १९९७ च्या जानेवारींत तो वारला. पुढच्याच वर्षीं कायदेमंडळानें प्रमुख लीगांतील खेळाडूंस मक्तेदारीविरुद्धच्या कायद्याचें संरक्षण दिलें. त्या कायद्यास नांव फ्लडचें आहे.

आतां कीर्तिमंदिराकडे वळूं. न्यूयॉर्क प्रांतांतील कूपर्सटाउन ह्या लहानशा गांवीं तें आहे. अॅब्नर डबलडे ह्यानें १८३९ सालीं ह्या गांवीं बेसबॉल शोधून काढला, असा निर्णय १९०७ च्या अखेरीस एका समितीनें दिला, म्हणून ही जागा निवडली गेली. वास्तविक त्या वर्षीं डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांत शिकत होता! पाया दंतकथेचा असला तरी इमारतीस मान मोठा. १९३६ सालीं पहिली निवड झाली. टाय कॉब ह्यास २२६ पैकीं २२२ मतें पडलीं. वृत्तपत्रकारांचीं शेंकडा ७५ मतें पडावीं लागतात. जुन्यांसाठीं निराळ्या समित्या असतात. आंकड्यांबरोबर सचोटि, चारित्र्य व खेळाची सेवा हींहि पाहावीं असा नियम आहे. वाद होतात ते ह्याच नियमावरून. ४२५६ वेळां यशस्वी फटका मारणारा पीट रोझ जुगारामुळें बाहेर राहिला. ७६२ 'होमरन'चा धनी बॅरी बाँड्स उत्तेजक द्रव्यांच्या संशयामुळें १० वर्षें मतदानांत हरला.

फ्लडविषयींचा आक्षेप ह्याहून निराळा आहे. त्याच्या चारित्र्यास कोणी बोट लावीत नाहीं. त्याचे आंकडे पुरेसे नाहींत, एवढेंच म्हणतात. हा आक्षेप अगदींच निराधार नाहीं. फलंदाजींत त्याची सरासरी .२९३ ची, ती चांगली आहे, असामान्य नव्हे. खेळाच्या मंदिरांत खेळासच मान असावा, त्याग पूजावयाचा तर त्यास दुसरीं मंदिरें आहेत, असें कोणी म्हटल्यास तें विचाराबाहेरचें नाहीं. पण मंदिरानें स्वतः हा दंडक पाळलेला नाहीं. १९३८ सालीं त्यानें हेन्री चॅडविक ह्यास घेतलें. तो वृत्तपत्रकार होता, सामन्यांचे तक्ते लिहिण्याची पद्धति रुजविल्याबद्दल त्याचा गौरव झाला. शिवाय फ्लडचे आंकडे बत्तिसाव्या वर्षीं थांबले ते कां थांबले, हें आंकडे सांगत नाहींत.

सर्वांत बोचणारी गोष्ट पुढेंच आहे. २००७ च्या डिसेंबरांत समितीनें मत दिलें, तेव्हां बारांपैकीं दहा मतें मिळून बोवी कून निवडले गेले. मिलरला तीन मतें पडलीं. ज्याच्यावर दावा लागला होता तो आंत गेला, आणि ज्यानें लावला तो बाहेर राहिला. मिलरनें २००८ सालीं आपलें नांव पुनः विचारांत घेऊं नये असें कळविलें. तरी तें घेतलें गेलें, आणि एकदां तर तो एका मतानें हुकला. २०१२ सालीं तो वारला व २०१९ सालीं निवडला गेला. सन्मान झाला खरा, पण तो घेण्यास सन्मानमूर्ति नव्हती.

तथापि हें मंदिर चूक दुरुस्तच करीत नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. वर्णभेदामुळें प्रमुख लीगांबाहेर राहिलेल्या कृष्णवर्णी खेळाडूंस त्यानें १९७१ पासून स्थान देण्यास आरंभ केला. २०२४ सालीं त्यांच्या लीगांचे आंकडे अधिकृत नोंदींत आले, तेव्हां जॉश गिब्सन हा सरासरींत कॉबच्याहि पुढें गेला. तो १९४७ सालींच वारला होता.

२०२० सालीं अमेरिकन काँग्रेसच्या शंभराहून अधिक सभासदांनीं फ्लडची निवड व्हावी अशी लेखी विनंति केली. जुन्या काळच्या खेळाडूंचा विचार करणारी समिति आतां २०२७ च्या डिसेंबरांत भरावयाची आहे. तिच्यापुढें फ्लडचें नांव येईल न येईल. त्याच हिवाळ्यांत पुनः मोठमोठे करार होतील व कोट्यवधि डॉलरांच्या कागदांवर तरुण खेळाडू सह्या करतील. समितीच्या सभासदांनीं त्या दिवशींचें वर्तमानपत्र तेवढें सोबत न्यावें. फ्लडनें ह्या खेळास काय दिलें, ह्याचे आंकडे त्यांत छापलेले असतील.