जाते, जोर आणि नमस्कार : वऱ्हाडातील स्त्रियांच्या बाहुबळाचा इतिहास

उत्तरेस सातपुड्याची गाविलगड रांग, दक्षिणेस अजिंठ्याचा डोंगर आणि मध्ये पूर्णा नदीचे काळ्या मातीचे खोरे अशा वऱ्हाडाचा अर्वाचीन इतिहास सामान्यतः कापूस, रेल्वे आणि महसूल यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडल्या गेलेल्या या मुलखाची अमरावती व अकोला ही दोन प्रमुख शहरे होत. त्यांपैकी अमरावतीला १९१४ पासून व्यायामाचे शहर म्हणूनही ओळख मिळाली. परंतु त्या ओळखीच्या वर्णनांत आखाडा, पैलवान आणि स्वयंसेवक यांनाच जागा मिळाली असून स्त्रीच्या खांद्या-दंडांतील बळाचा विचार क्वचितच झालेला दिसतो. ते बळ वऱ्हाडात पूर्वीपासून होते; मात्र ते कामात खर्ची पडत असल्यामुळे त्याला व्यायामाची प्रतिष्ठा मिळाली नाही, आणि जेव्हा ते व्यायाम म्हणून मिळवण्याची वेळ आली तेव्हा त्यासाठी आखाड्याबाहेरच्या वाटा शोधाव्या लागल्या.

या विवेचनाच्या केंद्रस्थानी असलेला व्यायामप्रकार म्हणजे दंड, ज्याला मराठीत ‘जोर’ असेही म्हणतात आणि जो बैठकांच्या जोडीने ‘जोर-बैठका’ या नावाने सर्वपरिचित आहे. देशी पद्धतीच्या दंडात तळहात व चवडे जमिनीवर टेकवून कंबर उंच उचललेली असते. त्या स्थितीतून कोपरे वाकवत डोके, छाती आणि पोट क्रमाने जमिनीलगत पुढे सरकवले जातात, मग हात ताठ करून छाती वर काढली जाते आणि कंबर पुन्हा मागे घेतली जाते. शाळेच्या आणि लष्कराच्या कवायतीतून रूढ झालेल्या पुश-अपमध्ये शरीर डोक्यापासून टाचेपर्यंत फळीसारखे सरळ ठेवून फक्त खाली-वर करावयाचे असते. छातीचे स्नायू, खांद्याचा पुढचा भाग आणि दंडाच्या मागील बाजूचा स्नायू यांवर दोन्ही प्रकारांत मुख्य भार पडतो. देशी दंडात पाठीचा कणा आणि खांद्याचे सांधे यांना अधिक फिरावे लागते. साधा दंड, हनुमान दंड, वृश्चिक दंड, चक्र दंड असे त्याचे अनेक भेद आखाड्यांत शिकवले जात, आणि बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालेल्या बहुखंडी ‘व्यायाम ज्ञानकोशा’मुळे अशा देशी व्यायामांना ग्रंथरूप लाभले.

वऱ्हाडातील घराघरांत मात्र बाहूंना श्रम देणारे पहिले साधन जाते हे होते. ज्वारीची भाकरी हे येथील रोजचे अन्न असल्याने दळण रोजचेच होते, आणि ते दिवस उजाडण्यापूर्वी उरकावे लागे. दळणारी स्त्री एक पाय पसरून व दुसरा मुडपून जात्यापुढे बसे, एका हाताने खुंटा धरून वरची तळी फिरवी आणि दुसऱ्या हाताने मूठ-मूठ दाणे वैरत असे. हात भरून आला की खुंट्यावरचा हात बदले. या हालचालीत खुंटा पुढे लोटताना छाती व खांदा, आणि तो जवळ ओढताना पाठ व दंडाचा पुढचा भाग कामाला लागतो, म्हणजे एका फेऱ्यात लोटणे आणि ओढणे अशा दोन्ही क्रिया घडतात. दोघी समोरासमोर बसल्या की हे श्रम वाटले जात आणि ओवीच्या लयीने त्यांचा वेग सांभाळला जाई. दळणाला जोडून उखळ-मुसळाचे कांडण असे, ज्यात मुसळ डोक्याच्या वर उचलून खाली सोडावे लागे.

पाण्याचे श्रम याहून कठीण होते. पूर्णेच्या खोऱ्यातील मोठा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. अकोला व अमरावती जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूजल खारे असल्यामुळे गावची विहीर पिण्याच्या कामाची नसे. गोड्या पाण्याची विहीर लांब असली तर ते रहाटावरून किंवा नुसत्या दोराने शेंदून, डोक्यावर आणि कमरेवर घेऊन घरी आणावे लागे. दोर हाताखाली हात घेत ओढताना मनगटाची पकड, कोपर आणि पाठ यांची जी तयारी होते, ती आजच्या व्यायामशाळेत वजनाच्या यंत्रावर करून घेतली जाते.

रेल्वेने या श्रमांत नव्या श्रमाची भर घातली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला आणि मार्गालगतच्या गावांत सरकी काढणारे जिन व रुईच्या गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले. घरी चरकीवर सरकी वेगळी करण्याचे बायकांचे जुने काम या कारखान्यांनी उचलले, आणि बायकांना यंत्राला कपास पुरवण्याच्या कामावर मजुरीने घेतले. १८९१ च्या कारखाने कायद्याने स्त्री-कामगारांचा दिवस ११ तासांवर मर्यादित केला. ही मर्यादा कायद्याने घालावी लागली यावरून एरवी दिवस किती लांबत असेल याचा अंदाज येतो. शेतात निंदण-खुरपण व कपाशीची वेचणी, कारखान्यात कपाशीचे ओझे आणि घरी जाते असा हा दिवसभराचा क्रम होता.

एवढे बळ नित्य वापरात असूनही त्याला बळ म्हणून मान का मिळाला नाही, याचे उत्तर व्यायाम या कल्पनेतच शोधावे लागते. व्यायाम म्हणजे उत्पन्नासाठी वा पोटासाठी न केलेला, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी आणि पुरेशा खुराकावर केलेला श्रम होय. त्याला वेळ, जागा आणि दूध-तूप लागते. या तिन्ही गोष्टी घरातील पुरुषाच्या वाट्याला आधी येत. तेल, ताक आणि हळद घालून मऊ केलेली तालमीची लाल माती पवित्र मानली जाई, तिचे दैवत ब्रह्मचारी हनुमान, आणि तेथील शिस्त ब्रह्मचर्याची. त्यामुळे स्त्रीला त्या मातीत पाऊल ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. याच वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून स्त्रीवर लादले जाणारे दोष पुरुषांत किती आहेत हे रोखठोकपणे विचारले. पण ती तुलना नीती आणि वर्तनाची होती, शारीरिक बळाची तुलना अद्याप कोणी मांडलेली नव्हती.

१९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. गल्लीतील तालीम आणि हे मंडळ यांतील मुख्य फरक शिक्षणाचा होता. तालमीत वस्ताद मूठभर शिष्य घडवी; मंडळाने व्यायामशिक्षक घडवण्याचे वर्ग चालवले, ज्यांतून बाहेर पडलेला तरुण आपल्या गावी किंवा शाळेत जाऊन दंड, बैठका, मल्लखांब, लेझीम आणि देशी खेळ शिकवू शके. पुढे क्रांतिकारक म्हणून फाशी गेलेले शिवराम हरी राजगुरू यांनी येथे शिक्षण घेतल्याचे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. १९३६ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने मंडळाचे पथक बर्लिनला गेले आणि तेथे कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके झाली. व्यायाम हा गुरुमुखातून मिळणाऱ्या विद्येऐवजी अभ्यासक्रमातून मिळणारे शिक्षण झाला, आणि अभ्यासक्रमाला परंपरेचा उंबरठा नसल्यामुळे स्त्रियांना त्यात शिरण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली.

ती शक्यता प्रत्यक्षात येण्यापूर्वी दंडाला घरात आणणारी दुसरी वाट मोकळी झाली होती, ती सूर्यनमस्काराची. सातारा भागातील औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी नमस्काराचा प्रसार हे आपले जीवितकार्य मानले, आपल्या संस्थानातील शाळांत तो मुलांबरोबर मुलींनाही शिकवला आणि स्त्रियांनी तो करावा असा उघड आग्रह धरला. १९३८ मध्ये इंग्लंडात लुईज मॉर्गन यांनी त्यांच्या पद्धतीवर पुस्तक सिद्ध केले तेव्हा तिकडच्या स्त्रियांपर्यंतही ती पोहोचली. नमस्काराच्या मधल्या अवस्थांत हातांवर शरीर तोलणे, छाती जमिनीलगत नेणे आणि मग ती वर उचलणे या क्रिया ओळीने येतात, म्हणजे पूर्ण दंड त्यात सामावलेला आहे. परंतु त्याला उपासनेचे रूप असल्याने आणि देवघरापुढची सतरंजी त्याला पुरेशी असल्याने, जी गृहिणी ‘जोर मारते’ असे कोणी म्हणू शकले नसते, ती बारा नमस्कार घालताना बारा दंड काढत होती.

सार्वजनिक जीवनातील घडामोडींनीही या बदलाला हात दिला. खारपाणपट्ट्यातील दहीहंडा हे अकोला जिल्ह्यातील गाव १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाचे ठिकाण झाले; समुद्रापासून इतक्या दूर, विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढून तेथे कायदेभंग करण्यात आला, आणि त्या काळातील चळवळीत वऱ्हाडच्या स्त्रियाही घराबाहेर पडल्या. बर्लिनच्या प्रात्यक्षिकांच्याच वर्षी, १९३६ च्या विजयादशमीला, शेजारच्या वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकर यांनी राष्ट्र सेविका समिती स्थापन करून स्त्रियांच्या नियमित शारीरिक शिक्षणाची सोय केली. या प्रयत्नांमागील राजकीय विचार परस्परांपासून दूर होते. तथापि स्त्रीने ठरलेल्या वेळी, इतर स्त्रियांसोबत, मैदानात शरीराला शिस्त लावावी ही गोष्ट त्यांमुळे सवयीची झाली. पुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी अमरावती जिल्ह्यातील मोझरीच्या गुरुकुंजातून केलेल्या ग्रामोद्धाराच्या प्रचारात आणि १९५५ च्या ‘ग्रामगीते’त ग्रामआरोग्याबरोबर महिलोन्नतीलाही स्वतंत्र स्थान दिले.

शाळांतील शारीरिक शिक्षणात मात्र मुलींसाठी वेगळे माप राहिले. लेझीम, कवायत, फुगडी-झिम्मा आणि रिंगणाचे खेळ मुलींचे; जोर, बैठका आणि कुस्ती मुलांची, अशी वाटणी रूढ झाली. जड व्यायामाने मुलीचे अंग राकट होईल आणि मातृत्वाला बाधा येईल ही भीती या वाटणीमागे होती. शरीरशास्त्राने या भीतीला आधार दिलेला नाही. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांचे कमरेखालील बळ बरेच जवळ असते आणि खांदे-दंडांचे बळ सरासरीने निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत असते हे खरे. पण सरावाने होणारी वाढ प्रमाणाच्या दृष्टीने दोघांत सारखीच आढळते. सरळ पुश-अपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भार येतो, गुडघे टेकल्यास तो निम्म्याच्या आसपास उतरतो, आणि भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून केल्यास आणखी कमी होतो. म्हणून भिंतीपासून ओट्याकडे, ओट्यापासून गुडघ्यांवर आणि तेथून पूर्ण जोराकडे जाणारा चढता क्रम कोणत्याही वयाच्या स्त्रीला साधतो. जे मुलीला झेपणार नाही असे समजले गेले, ते तिला पायरीने शिकवले गेले नव्हते एवढाच त्याचा अर्थ.

याचा प्रत्यय मल्लखांबाने आणून दिला. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधर यांनी ऊर्जितावस्थेला आणलेला हा व्यायाम पुरलेल्या लाकडी खांबावर पुरुष करीत, तर मुलींसाठी टांगलेल्या दोरीचा मल्लखांब प्रचलित झाला. दोरी पायाच्या अंगठ्यात व बोटात पकडून, हातांनी शरीर वर खेचून, उलटे होऊन आसन स्थिर करणे यात ओढण्याचे बळ पराकोटीला लागते. सौम्य व्यायाम म्हणून मुलींच्या हाती दिलेल्या दोरीने खांबाइतकीच कठोर परीक्षा घेतली. हिमानी परब या मुंबईच्या खेळाडूला २०२१ चा अर्जुन पुरस्कार मिळाल्याने त्या परीक्षेला राष्ट्रीय मान्यताही लाभली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव पिठाची चक्की आली, पुढे नळ आले, आणि जात्याने व दोराने घडणारे बळ घरातून ओसरले. कष्टातून सुटका झाली हे निर्विवाद इष्टच होते. पण त्या बळाची जागा भरून काढणारा व्यायाम त्याच वेगाने आला नाही. तो आला तो बहुतांशी उपजीविकेच्या मार्गाने. मंडळाचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय आणि पंजाबराव देशमुख यांनी १९३२ मध्ये स्थापलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे तशाच स्वरूपाचे महाविद्यालय यांमुळे अमरावतीत क्रीडाशिक्षिका होण्याची वाट मुलींना खुली झाली. १९९४ च्या राज्य महिला धोरणाबरोबर शासकीय नोकऱ्यांत ३० टक्के जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या आणि पोलीस भरती हे खेड्यातील मुलीच्या आवाक्यातील ध्येय झाले. भरतीच्या मैदानी चाचणीत धावण्याबरोबर गोळाफेक असते, मुलींसाठी चार किलोचा गोळा असतो, आणि तो गुणांच्या रेषेपलीकडे टाकायचा तर खांदा व दंड तयार करावे लागतात. म्हणून भल्या पहाटे रस्त्यावर धावून आल्यावर मैदानाच्या कडेला जोर मारणाऱ्या मुली आता वऱ्हाडात नवलाच्या राहिलेल्या नाहीत.

आखाड्याने स्त्रीला दंड दिला नाही. तो तिने देवघरातून, शाळेतून आणि नोकरीच्या अर्जातून मिळवला, असा या इतिहासाचा निष्कर्ष निघतो. त्यातील उणीवही त्याच निष्कर्षात आहे. भरती झाली किंवा वयोमर्यादा उलटली की जोर थांबतो, लग्नानंतर पहाटेचा तास पुन्हा घरकामाकडे जातो, आणि कापूस वेचणाऱ्या मजूर स्त्रीला तर तो तास कधी मिळालेलाच नाही. वैद्य बंधूंच्या पिढीने व्यायामाला शिक्षक, अभ्यासक्रम आणि मैदान मिळवून दिले. स्त्रियांच्या बाबतीत हे तिन्ही आज अमरावती-अकोल्यात उपलब्ध आहेत, आणि अपुरा आहे तो वेळ. त्याची वाटणी घरातच होते, म्हणून वऱ्हाडातील स्त्रीच्या बाहुबळाचा पुढचा इतिहास व्यायामशाळांच्या संख्येपेक्षा घरकामाच्या वाटणीवर अधिक अवलंबून राहील.