गंज कसा मोजतात? मालवणच्या खाऱ्या वाऱ्यापासून तुमच्या फोनच्या चार्जिंग पोर्टपर्यंत

मी कुडाळचा. मे महिन्यात मालवणला मावशीकडे गेलो होतो. मावसभावाने फोन चार्जिंगला लावला की स्क्रीनवर एकच सूचना यायची: पोर्टमध्ये ओलावा आहे, केबल काढा. फोन पाण्यात पडलेला नव्हता. हा पठ्ठ्या फक्त रोज संध्याकाळी किनाऱ्यावर क्रिकेट खेळायचा आणि फोन खिशात असायचा. टॉर्च मारून बघितलं तर पोर्टच्या आत हिरवट थर.

गंमत म्हणजे त्याच घराच्या पडवीतली खिडकीची जाळी हाताने चुरा होईल इतकी गंजलेली होती. मी म्हटलं, पावसाने गेली असेल. मावशी म्हणाली, "पावसान नाय रे, खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान!"

मावशीचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. पण "किती खाल्लं" हे कसं मोजायचं? धातूंवर असे प्रयोग कसे करतात आणि त्यातून आपल्याला काय घेता येईल, तेच आज बघूया.

गंज म्हणजे नेमकं काय?

लोखंडाला गंजायला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतात. हवेत ओलावा असला की धातूवर पाण्याचा पातळ थर बसतो. तिथे एका ठिकाणी लोखंड विरघळतं, शेजारी ऑक्सिजन वापरला जातो आणि मधून इलेक्ट्रॉन वाहतात. थोडक्यात, पत्र्यावर हजारो छोट्या बॅटऱ्या चालू असतात.

मीठ इथे दोन कामं करतं. पाण्यातून विजेची ये-जा सोपी करतं, आणि हवेतला ओलावा ओढून धातू ओला ठेवतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की पाझरायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते त्याहून खूप कमी आर्द्रतेला ओले होतात. म्हणून पाऊस नसतानाही मालवणात धातू ओला राहतो.

आता पडवीचं कोडं. उघड्यावरच्या लोखंडावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो. आडोशाच्या जाळीवर वारा मीठ आणून टाकतो, पण धुवायला कोणी येत नाही. कुडाळला आम्ही समुद्रापासून आत आहोत, त्यामुळे मीठ कमी पोचतं. लाटांपासून दूर गेलं की हवेतलं मीठ झपाट्याने घटतं.

पद्धत १: पत्रा ठेवा आणि वर्षभर थांबा

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात विश्वासाची पद्धत. धातूची छोटी पट्टी स्वच्छ करून वजन करायचं, उघड्यावर रॅकला लावायची आणि वर्षभराने काढायची. मग फक्त गंज विरघळेल, धातू नाही, अशा द्रावणाने ती धुवायची आणि पुन्हा वजन करायचं. जेवढं वजन घटलं तेवढा धातू गेला.

समजा पट्टी १० बाय १५ सेंटिमीटरची आहे. दोन्ही बाजू धरून क्षेत्रफळ झालं ३०० चौरस सेंटिमीटर. वर्षात १२ ग्रॅम घटले. पोलादाची घनता ७.८६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. भागाकार केला की प्रत्येक बाजूने सुमारे ५१ मायक्रॉन जाडी गेली. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसापेक्षा थोडं कमी.

आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ९२२३ याच आकड्यावरून हवेचे वर्ग पाडतं. साध्या पोलादाची पहिल्या वर्षात २५ ते ५० मायक्रॉन जाडी गेली तर सी३, ५० ते ८० गेली तर सी४, ८० ते २०० गेली तर सी५. त्याच्याही वर सीएक्स हा वर्ग आहे. आपली वरची पट्टी सी४ मध्ये बसली.

आपल्या देशात तमिळनाडूतल्या कारैकुडीच्या केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्थेने असे नमुने ठिकठिकाणी ठेवून भारताचा गंज-नकाशा तयार केला आहे. महाराष्ट्रात अंबरनाथला डीआरडीओची नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा आहे. जहाजांचे धातू आणि गंजरोधक लेप हा तिच्या कामाचा भाग आहे.

पद्धत २: मिठाच्या धुक्याची पेटी

वर्षभर थांबायला कंपन्यांकडे वेळ नसतो. मग नमुना बंद पेटीत ठेवून ३५ अंश सेल्सिअसला ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सतत सोडतात. ही एएसटीएम बी११७ चाचणी, १९३९ पासून चालत आलेली.

पण सावधान! "आमचा पत्रा ५०० तास टेस्ट केलेला आहे" असं कोणी सांगितलं तर त्याचा अर्थ "तुमच्या घरी इतकी वर्षं टिकेल" असा होत नाही. खऱ्या हवेत पत्रा ओला होतो, सुकतो, पुन्हा ओला होतो. सुकताना जस्तावर संरक्षक थर तयार होतो. पेटीत सुकायला वेळच मिळत नाही. म्हणून ही चाचणी एकाच प्रकारच्या दोन मालांची तुलना करायला चांगली, आयुष्य सांगायला नाही.

पद्धत ३: वीज लावून मोजणं

गंज म्हणजे छोट्या बॅटऱ्या, असं वर म्हटलं ना? मग प्रयोगशाळेत नमुना मिठाच्या पाण्यात बुडवून, बाहेरून थोडा व्होल्टेज बदलत जो प्रवाह वाहतो तो मोजतात. प्रवाहावरून गंजण्याचा वेग निघतो. वर्षाचं काम तासांत होतं, पण निकाल शेवटी उघड्यावरच्या पट्टीशी ताडून बघावाच लागतो.

हार्डवेअरच्या दुकानात काय मागायचं?

"एसएस द्या" एवढं म्हणून भागत नाही. स्टेनलेस स्टीलमधलं क्रोमियम पृष्ठभागावर अदृश्य थर तयार करतं, तोच त्याचं चिलखत. मीठ हे चिलखत ठिकठिकाणी फोडतं आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात.

- २०२: निकेल कमी, त्याच्या जागी मँगेनीज. स्वस्त. किनाऱ्यावर लवकर डाग पडतात.
- ३०४: सुमारे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. घरात उत्तम, समुद्रासमोर कमी पडतं.
- ३१६: यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते खड्डे पडण्याला विरोध करतं. किनाऱ्यावर हेच मागा.

लोहचुंबक लावून ग्रेड कळत नाही, कारण २०२ आणि ३०४ दोन्ही चुंबकाला जवळपास दाद देत नाहीत. बोल्टच्या डोक्यावरचा ठसा बघा. ए२ म्हणजे ३०४ च्या घरातला, ए४ म्हणजे ३१६ च्या घरातला.

दोन धातू एकत्र आले की

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि वर खारं पाणी असलं, की त्यातला एक दुसऱ्यासाठी बळी जातो. जीआय पत्र्यात हेच मुद्दाम करतात. जस्त जातं, लोखंड वाचतं.

हेच नकळत झालं तर मात्र महागात पडतं. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ चा. बाहेर तांब्याचं कवच, आत लोखंडी पट्ट्या. दोघांच्या मधलं आवरण झिजलं आणि लोखंड गंजत गेलं. १९८६ मध्ये दुरुस्ती पूर्ण झाली तेव्हा त्या पट्ट्यांच्या जागी ३१६ एल स्टेनलेस स्टील आलं होतं.

आणि आपल्या मालवणचं उदाहरण तर काळजाला लागलेलं आहे. राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. पडण्याच्या काही दिवस आधी सार्वजनिक बांधकाम विभागाने नौदलाला पत्र लिहून नटबोल्टना गंज चढल्याचं कळवलं होतं. पुढे सांगाड्यावर आणि वेल्डिंगवरही प्रश्न उभे राहिले, त्यामुळे सगळा दोष एकट्या गंजावर टाकता येणार नाही. पण गंज दिसतो आहे आणि तो किती खोल गेला हे मोजलेलं नाही, ही अवस्था किती धोक्याची असते ते आम्ही डोळ्यांनी बघितलं. २०२५ च्या मे महिन्यात त्याच जागी ब्राँझचा नवा पुतळा उभा राहिला. ब्राँझ खाऱ्या हवेत चांगलं टिकतं, तरी तपासणी त्यालाही लागतेच.

मग फोनचं काय?

चार्जिंग पोर्टच्या पिना मुळात तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात. वर निकेल आणि त्याच्यावर सोन्यासारख्या धातूचा अगदी पातळ मुलामा असतो. केबल घालून-काढून तो झिजतो. मग घाम किंवा खारा ओलावा आणि चार्जरचा व्होल्टेज एकत्र आले की तांबं विरघळायला लागतं. हिरवट थर त्याचाच.

- ओलाव्याची सूचना आली की चार्जर लगेच काढा. वीज चालू असताना पिना सगळ्यात वेगाने खराब होतात.
- पोर्ट खाली धरून हलकेच झटका, मग पंख्यासमोर ठेवा. तांदळात ठेवू नका, भुकटी आत जाते.
- "आयपी६८ आहे" म्हणून समुद्रात नेऊ नका. ती चाचणी गोड्या पाण्यात होते.

घरी करून बघा

एकाच पाकिटातले चार लोखंडी खिळे साबणाने धुऊन तेल काढा. चार काचेचे ग्लास घ्या. पहिल्यात विहिरीचं पाणी, बाकी तिघांत दोन चमचे मीठ घातलेलं पाणी. तिसऱ्यातल्या खिळ्याला तांब्याची तार घट्ट गुंडाळा, चौथ्यातल्या खिळ्याला जीआय तार. रोज एकाच वेळी, एकाच अंतरावरून, शेजारी एक नाणं ठेवून फोटो काढा. आठवड्याने फोटो ओळीने लावा. कुठला खिळा वाचला आणि कुणी कुणासाठी बळी दिला ते स्वतःच दिसेल. फक्त ग्लासात चार्जर किंवा बॅटरी जोडू नका.

मावसभावाच्या फोनचं पोर्ट शेवटी बदलावं लागलं. पडवीला नवी जाळी लावताना मात्र मी ए४ ठसा बघूनच बोल्ट घेतले. मावशीला एवढंच सांगितलंय, की अंगणातल्या झाडांना पाणी घालताना पाइप महिन्यातून एकदा जाळीवरही मार. मीठ धुतलं जातं आणि खर्च शून्य!

तुमच्या घरातली सगळ्यात गंजलेली वस्तू उघड्यावर आहे की आडोशाला? बघा आणि कळवा.