पोथी, मठ आणि पाठभेद

एका संगणकावरील लेख दूरच्या शंभर संगणकांवर क्षणांत उतरवितां येतो, आणि उतरलेली प्रत मुळाशीं जुळते कीं नाहीं हें यंत्रच ताडून पाहतें. या सोयीचें मोल कळावयाचें असेल तर समर्थ संप्रदायाच्या मठांकडे पाहावें. चाफळ, डोमगांव, थेट दक्षिणेंत तंजावर, असे हे मठ पसरलेले. आणि ठिकठिकाणीं दासबोध पोंचवावयाचा म्हणजे २० दशक, २०० समास, ७,७०० वर ओव्या बोरूनें उतरून काढावयाच्या! या कामाचें मर्म समर्थांस पुरतें ठाऊक होतें. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास त्यांनीं लेखनक्रियेलाच दिला आहे. अक्षर वाटोळें, सुटें आणि आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखें असावें, असा त्यांचा कटाक्ष. अध्यात्माच्या ग्रंथांत शाई-कागदाचाही विचार करणारा संत विरळाच.

परंतु हात पडला माणसाचा. दोन ओव्यांचा शेवट सारखा असला कीं नकलकाराची दृष्टि मधली ओवी गाळून पुढें जाते. चूक ध्यानांत आली तर हरताळ लावून पुसावयाची. न आली तर त्या पोथीवरून होणाऱ्या प्रत्येक नकलेंत ती उतरावयाचीच. याहून घातक तो विद्वान् नकलकार, जो न कळलेला जुना शब्द ‘सुधारून’ टाकतो. मक्षिकेच्या ठिकाणीं मक्षिका मारणाऱ्यास आपण हंसतों. संशोधकावर खरे उपकार त्याचेच.

हा गुंता सोडविण्याचा मोठा उद्योग आम्हां अमळनेरकरांच्या शेजारीं, धुळ्यास झाला. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १८९३ मध्यें सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली, मठामठांतून बाडें जमविलीं, आणि समर्थांचे लेखक-शिष्य कल्याणस्वामी यांची डोमगांव मठांतील पोथी प्रमाण धरून १९०५ त दासबोध छापला.

धुळ्यासच १९२६ त ज्यांनीं देह ठेविला त्या इतिहासाचार्य राजवाड्यांची कथा मात्र उलट आहे. एकनाथांनीं १५८४ त केलेल्या शुद्धीकरणापूर्वीची म्हणून एक ज्ञानेश्वरी त्यांनीं १९०९ त प्रसिद्ध केली. तिची मूळ पोथी पुढें नाहींशी झाली. तिच्यावरून उतरलेली दुसरी एखादी नक्कल कोठल्या मठांत पडून असती तर ताडून पाहतां आलें असतें. आज वाद घालणाऱ्यांपुढें राजवाड्यांचें छापील पुस्तक तेवढें आहे.