देठ, मेण आणि जेल : नाक घडवण्याच्या विद्येचा इतिहास

नाकाचा आकार बदलण्याच्या विद्येत दोन रीती दिसतात. पहिली रीत जवळच्या जिवंत कातडीचा तुकडा वळवून त्याचे नाक उभे करते आणि तिची मुळे भारतीय शल्यविद्येत फार मागे जातात. दुसरी रीत सुईने एखादा पदार्थ कातडीखाली भरून नाकाला उंची देते, आणि ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस व्हिएन्नात सुरू झाली. आज सौंदर्योपचारांच्या दालनांत ‘शस्त्रक्रियेविना नाक’ या नावाने जो उपचार केला जातो, तो या दुसऱ्या रीतीचा ताजा अवतार आहे. दोन्ही रीतींची साधने वेगळी, हेतूही बव्हंशी वेगळे; तरी दोहोंचे यशापयश भुवयांच्या मधून नाकावर उतरणाऱ्या काही बारीक धमन्यांवर अवलंबून राहिले आहे. त्या धमन्यांचा धागा धरला, तर या विद्येचा इतिहासही कळतो आणि आजच्या उपचारातला धोकाही कळतो.

मराठीत ‘नाक कापले जाणे’ म्हणजे अब्रू जाणे. हा वाक्प्रचार नुसता अलंकारिक नाही. चोरी, व्यभिचार किंवा शत्रूकडची चाकरी यांसाठी नाक छाटण्याची शिक्षा भारतात दीर्घकाळ प्रचलित होती आणि अशी शिक्षा भोगलेला माणूस आयुष्यभर आपला गुन्हा, खरा वा आरोपित, चेहऱ्यावर वागवीत असे. त्यामुळे गेलेले नाक परत बसवणारा कारागीर शरीराइतकीच प्रतिष्ठाही दुरुस्त करीत होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात, कान टोचण्याच्या आणि फाटलेली कानाची पाळी जोडण्याच्या विवेचनाबरोबर, या कर्माचे वर्णन येते. झाडाचे पान नाकाच्या मापाचे करून घ्यावे, तेवढी कातडी गालावरून सोडवावी पण ती गालाशी जोडलेली ठेवावी, नाकाच्या उरलेल्या भागाला ओरखडून तिथे ती बसवावी, श्वासासाठी दोन नळ्या घालाव्यात आणि वर पतंग, यष्टीमधु व अंजन यांचे चूर्ण टाकून तिळाच्या तेलात भिजवलेला कापूस ठेवावा, असा त्याचा क्रम आहे. कातडी जोडलेली ठेवण्याची सूचना त्यात ओझरती आली असली, तरी सगळ्या कर्माचा प्राण तिच्यातच आहे.

या विद्येची युरोपला खात्रीलायक ओळख झाली ती पुण्यामुळे. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक सचित्र पत्र छापून आले. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा गाडीवान १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या हाती सापडला, त्याचे नाक आणि एक हात तोडण्यात आला, वर्षाहून अधिक काळ तो नाकाविना राहिला आणि मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या, म्हणजे बहुधा कुंभार असलेल्या, एका माणसाने त्याला नवे नाक लावून दिले, अशी हकीकत त्या पत्रात होती. कावसजी हे नाव आज पारशी वळणाचे वाटते, परंतु मूळ मजकूर त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हणतो. त्याचे चित्र जेम्स वेल्स या चित्रकाराने जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रकर्मानंतर दहा महिन्यांनी, काढले होते; म्हणजे शस्त्रकर्म १७९३ च्या वसंतात झाले असले पाहिजे. रुग्णाचे नाव टिकले, चित्रकाराचे टिकले, हे कर्म पाहणाऱ्या मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज वैद्यांचीही नावे छापली गेली; ज्याच्या हाताने नाक उभे राहिले त्याचे नाव मात्र कोणी नोंदवले नाही.

पत्रातील वर्णन इतके नेमके आहे की त्यावरून कृती पुन्हा करता यावी. आधी मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या थोट्यावर बसवून नाकाचा आकार ठरवला जाई; तो सपाट करून कपाळावर ठेवीत, त्याच्या कडेने रेघ आखीत आणि तेवढी कातडी सोडवून घेत, मात्र दोन डोळ्यांच्या मधली एक अरुंद पट्टी न कापता तशीच राखीत. थोट्याच्या भोवतीचा जुना व्रण खरवडून ताजी चीर पाडली जाई, कपाळावरची कातडी अर्धा वेढा देऊन खाली आणली जाई आणि तिच्या कडा त्या चिरेत बसवल्या जात. सांधा टिकावा म्हणून पाण्यात मऊ केलेला काथ कापडाच्या पट्ट्यांना लावून पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवीत. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड लावीत. रुग्णाला पाच-सहा दिवस उताणे निजवून ठेवीत, दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली ती राखलेली पट्टी कापून टाकीत. विड्यातला काथ आणि स्वयंपाकघरातले तूप यांवर चाललेले हे काम बहुधा यशस्वी होते, असा निर्वाळाही पत्रात आहे.

सुश्रुतसंहितेत कातडी गालावरून घेतली आहे आणि पुण्यात ती कपाळावरून घेतली गेली, त्यामुळे दोन्ही कृती एकच आहेत असे म्हणणे सैल ठरेल. परंतु दोहोंमागचे तत्त्व एक आहे. शरीरापासून पुरता तोडलेला कातडीचा जाड तुकडा रक्ताविना काळा पडून झडतो. तोच तुकडा एका बाजूने जोडलेला राहिला, तर पानाला देठातून रस मिळावा तसे त्याला त्या जोडातून रक्त मिळत राहते, आणि दरम्यान नव्या जागेच्या रक्तवाहिन्या त्याच्यात शिरतात. इटलीत गास्पारे तालियाकोत्सी याने १५९७ च्या आपल्या ग्रंथात दंडाची कातडी नाकाला जोडण्याची जी रीत सांगितली, तिच्यातही हात कित्येक दिवस चेहऱ्याशी बांधून ठेवावा लागे तो याच देठासाठी. पुण्याच्या रीतीचा विशेष असा की तिने देठ सर्वांत अचूक जागी राखला. भुवईच्या आतल्या टोकाजवळून एक धमनी खोबणीतून बाहेर येऊन कपाळावर चढते. ती नेत्रधमनीची, म्हणजे डोळ्याच्या खोबणीला रक्त पुरवणाऱ्या धमनीची, शाखा आहे. विटा पाडणाऱ्या त्या कारागिराला शरीररचनेचे हे नकाशे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कुठली पट्टी राखली की नाक जगते, हे परंपरेने शिकवलेले मात्र त्याच्या हाताला पक्के ठाऊक होते.

हे पत्र वाचून लंडनचा शल्यवैद्य जोसेफ कार्प्यू याने मृतदेहांवर सराव केला, १८१४ मध्ये भारतीय रीतीने पहिले नाक घडवले आणि १८१६ मध्ये दोन यशस्वी शस्त्रकर्मांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. जर्मनीत कार्ल फोन ग्रेफे याने १८१८ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला आणि कपाळाच्या कातडीची ही रीत वैद्यकात ‘भारतीय रीत’ म्हणून रूढ झाली. भारतात ती लोपली नव्हती. दरोडेखोरांनी नाके कापलेल्या शंभराहून अधिक रुग्णांवर जुनागढ येथे केलेल्या शस्त्रकर्मांचा वृत्तांत त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केला. दरम्यान भूल देण्याची आणि जंतुनाशनाची साधने हाती आल्यामुळे शस्त्रकर्माचा हेतूच बदलू लागला. अमेरिकेत जॉन ऑर्लँडो रो याने १८८७ मध्ये बसक्या, वर वळलेल्या नाकाची दुरुस्ती आतून, चेहऱ्यावर व्रण न ठेवता, करून दाखवली, आणि बर्लिनमध्ये याकोब योसेफ याने १८९८ मध्ये मोठे नाक लहान केले. गेलेले नाक परत आणण्याची विद्या आता असलेले नाक पसंत नसणाऱ्यांच्याही सेवेत आली होती.

याच वळणावर सुई आली. व्हिएन्नाचा शल्यवैद्य रोबेर्ट गेर्झुनी याने १८९९ मध्ये व्हॅसलीन कातडीखाली टोचून शरीरातली पोकळी भरता येते, असे दाखवले. उपदंशाने म्हणजे सिफिलिसने नाकाचा पूल खचलेले रुग्ण त्या काळी पुष्कळ असत. खोगिरासारखा मध्ये दबलेला तो पूल पातळ पॅराफिन म्हणजे खनिज मेण भरून मिनिटांत उंच होई, ना चीर, ना भूल, ना दीर्घ विश्रांती. ही रीत काही वर्षे युरोप-अमेरिकेत झपाट्याने पसरली. पण मेण जिथे घातले तिथे राहीना. उन्हाने आणि तापाने ते सरके, त्याच्याभोवती कठीण गाठी येत, कातडी लाल होऊन फुटे. त्या गाठी कापून काढायच्या तर चेहराच कापावा लागे. ग्लॅडिस डीकन ही आपल्या रूपासाठी प्रसिद्ध असलेली स्त्री, जी पुढे मार्लबरोची डचेस झाली, तिच्या नाकाच्या पुलात भरलेले मेण हनुवटीकडे उतरले आणि चेहरा कायमचा विद्रूप झाला. नाकात पॅराफिन टोचल्यावर दृष्टी गेल्याचे वृत्तांतही विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच वैद्यकीय नियतकालिकांत छापले गेले. सुईच्या रीतीचा सर्वांत भयंकर धोका तिच्या जन्माबरोबरच कळला होता.

पहिल्या महायुद्धानंतर मेण मागे पडले. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्याची जागा द्रव सिलिकोनने घेतली, आणि गाठी व सरकणे या त्याच तक्रारी पुन्हा आल्या. १९८१ मध्ये अमेरिकेत गाईच्या कातडीपासून केलेल्या कोलॅजनला परवानगी मिळाली. ते शरीरात विरघळे, पण काहींना त्याची ॲलर्जी होई. निर्णायक बदल हायल्युरोनिक ॲसिडने घडवला. शरीरात सर्वत्र आढळणारा आणि पाणी धरून ठेवणारा हा पदार्थ कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातील काचेसारख्या पारदर्शक द्रवातून प्रथम वेगळा केला. नैसर्गिक रूपात तो शरीरात लवकर नाहीसा होतो. म्हणून त्याचे लांब रेणू रसायनाने एकमेकांना बांधून त्याचे घट्ट जेल करतात. असे जेल युरोपात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि अमेरिकेत २००३ मध्ये सुरकुत्या भरण्यासाठी बाजारात आले. त्यालाच आज फिलर, म्हणजे भरणद्रव्य, म्हणतात.

नाकावर या जेलचे काम दृष्टिभ्रमावर चालते. नाकावरचा उंचवटा फिलरने कमी होत नाही. त्याच्या वर, भुवयांच्या मधल्या खोलगट जागी, आणि गरजेप्रमाणे त्याच्या खाली थोडे जेल भरले की बाजूने पाहताना रेषा सरळ दिसते आणि उंचवटा तिच्यात लपतो. बसक्या पुलाला उंची देता येते, टोकाला किंचित उचल देता येते, लहान खाच बुजवता येते. मोठे नाक लहान करणे, आतला वाकडा पडदा सरळ करणे किंवा श्वासाची अडचण दूर करणे मात्र या रीतीने शक्य नाही. लागणारे जेल सहसा एक मिलिलिटरहून कमी असते, काम अर्ध्या तासात आटोपते आणि परिणाम साधारणपणे काही महिने ते दीडेक वर्ष टिकतो. जेल नको झाले, तर हायल्युरोनिडेज या विकराच्या, म्हणजे रासायनिक विघटन घडवणाऱ्या प्रथिनाच्या, टोचणीने ते विरघळवता येते. मेण आणि सिलिकोन यांच्यावर या पदार्थाची सरशी आहे ती मुख्यतः याच गुणामुळे. कॅल्शियमयुक्त फिलरला असा उतारा नाही.

धोका मात्र मेणाच्या काळी होता तिथेच आहे. नाकाच्या पाठीवरून उतरणारी धमनी ही नेत्रधमनीचीच शेवटची शाखा आहे, आणि नाकाच्या बाजूला ती गालावरून चढणाऱ्या धमनीच्या शाखांना मिळते. सुईचे टोक अशा धमनीत शिरले आणि जेल जोराने दाबले गेले, तर ते रक्ताच्या प्रवाहाविरुद्ध मागे ढकलले जाऊन नेत्रधमनीपर्यंत पोहोचते. दाब सुटताच रक्त ते पुढे ढकलते आणि दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या मागच्या प्रकाशग्राही पडद्याला, रक्त देणारी धमनी बंद होते. दृष्टिपटल रक्ताविना साधारण एक ते दीड तासच तग धरते, म्हणून अशी गेलेली दृष्टी क्वचितच परत येते. भुवयांमधल्या ज्या धमनीच्या जोरावर पुण्यात कपाळाच्या कातडीचे नाक जगले, ती आणि ही एकाच खोडाच्या फांद्या आहेत; तेव्हा जी वाट रक्त बाहेर आणण्यासाठी राखली होती, तीच जेल आत नेणारी वाट ठरते.

फिलरने दृष्टी गेल्याच्या जगभर नोंदलेल्या घटनांचा एक आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यातील ९८ घटनांपैकी सुमारे एक चतुर्थांश नाकावरील टोचणीच्या होत्या. २०१९ च्या पुढील आढाव्यात ४८ नव्या घटना आल्या, तेव्हा नाकाचा वाटा निम्म्याहून अधिक झाला होता. एकूण उपचारांच्या मानाने अशा घटना विरळ आहेत, परंतु त्या विरळ असल्याचा दिलासा दृष्टी गमावलेल्याला उपयोगाचा नाही. धमनी कातडीच्या बाजूला बंद झाली, तर तिथली कातडी आधी पांढरी पडते, मग जाळीदार निळसर होते, दुखते आणि पुढे झडते. ज्या नाकावर आधी शस्त्रक्रिया झाली आहे, त्याच्या रक्तवाहिन्या व्रणात अडकून जागा बदललेल्या असतात, म्हणून त्याला हा धोका अधिक असतो. जंतुसंसर्ग, गाठी, जेल वरच्या थरात राहिल्यास दिसणारी निळसर झाक आणि पुन्हा पुन्हा भरल्याने रुंदावत जाणारे नाक, हे त्यामानाने सौम्य दोष. जाणते वैद्य मध्यरेषेवर, हाडाला व कूर्चेला लागून असलेल्या खोल थरात, अगदी हळू आणि थोडे थोडे जेल भरतात, कारण मुख्य धमन्या वरच्या थरातून जातात. अनेकजण बोथट टोकाची नळी वापरतात आणि विरघळवणारे विकर हाताशी ठेवतात. या खबरदारीने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नाकाचा आकार बदलण्यासाठी कोणत्याही फिलरला मान्यता दिलेली नाही. तिथे हा उपचार वैद्याच्या स्वतःच्या जबाबदारीवर केला जातो.

‘शस्त्रक्रियेविना’ हा शब्द म्हणूनच अर्धाच खरा आहे. चीर नसली तरी कर्म शल्याचेच आहे, आणि शल्यकर्माला लागणारे शरीररचनेचे ज्ञान त्यालाही तितकेच लागते. ते नसलेल्या हाताने, वैद्यकीय पात्रता नसलेल्या दालनात, नाकावर सुई धरली जाऊ नये. पुण्याच्या त्या निनावी कारागिराकडे ना भूल होती ना जंतुनाशक, पण रक्ताची वाट मोकळी राहिली पाहिजे हे त्याला माहीत होते, आणि त्यासाठी तो पंचवीस दिवस थांबत असे.