केस गळतात, पण कशामुळे? ट्रायकोस्कोपीची गोष्ट

आजचा भाग जरा घरचाच आहे.

दोन वर्षांपूर्वी मला डेंग्यू झाला. तीनेक महिन्यांनी केस इतके गळायला लागले की बाथरूमची जाळी रोज साफ करावी लागायची. आई म्हणाली, "तापाने गेलेत, येतील परत." मला मात्र आरशात बाबांचं टक्कल दिसत होतं. एका क्लिनिकने तर डोकं नीट न बघताच पॅकेज सांगितलं.

आमच्या भाषेत सांगायचं तर एरर एकच, बग वेगवेगळे. तापानंतरची गळती बहुतेकदा आपोआप थांबते, आनुवंशिक थांबत नाही. मग ओळखायचं कसं? खात्रीचा जुना मार्ग बायोप्सी, म्हणजे डोक्याच्या त्वचेचा साधारण 4 मिलिमीटरचा तुकडा काढायचा.

न कापता आत डोकावायची धडपडही जुनीच. त्वचेवरून उजेड परावर्तित होतो आणि आतलं दिसत नाही, ही मुख्य अडचण. 1893 मध्ये जर्मनीच्या उन्ना यांनी त्यावर तेलाचा उपाय वापरला. 1920 च्या दशकात साफियर यांनी सूक्ष्मदर्शकातून त्वचा बारकाईने अभ्यासली. पुढे हातात मावणारी डर्माटोस्कोप आली, पण लक्ष होतं तीळ आणि त्वचेच्या कॅन्सरवर. केसांसाठीच्या तपासणीला 'ट्रायकोस्कोपी' हे नाव मिळालं 2006 मध्ये. ते दिलं पोलंडच्या लिडिया रुडनित्स्का आणि माउगोझाता ओल्शेव्स्का यांनी.

आता गंमत बघा. आनुवंशिक गळतीत जाड आणि बारीक केस शेजारी शेजारी दिसतात. चाईत तुटके, मुळाशी निमुळते, उद्गारचिन्हासारखे केस सापडतात. मुलांच्या डोक्यावरच्या नायट्यात केस स्वल्पविरामासारखे वाकतात. व्रण ठेवणाऱ्या आजारात केसांची छिद्रंच नाहीशी होतात. तिथे उशीर परवडत नाही, आणि बायोप्सी अजूनही लागते. तापानंतरच्या गळतीची मात्र स्वतःची खास खूण नाही. बाकीचं वगळत तिथे पोचावं लागतं.

माझ्या डॉक्टरांनी कॅमेरा आधी पुढे टेकवला, मग मागे, आणि दोन्ही चित्रं स्क्रीनवर दाखवली. मागे केस सारखे जाड. पुढे मात्र जाड-बारीक सरमिसळ. म्हणजे दोन्ही कारणं होती. ताप निमित्त झाला, बाबांचा वारसा आधीच सुरू होता.

आई अर्धी बरोबर निघाली, मी अर्धा. पण औषध वेळेत सुरू झालं, आणि पॅकेजचे पैसे वाचले. तुम्हीही पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: "डॉक्टर, बघितलंत का?"

भेटू पुढच्या भागात.